थंड ठेवलेली बाटली

गोष्ट १९९६ सालच्या फेब्रुवारीतली आहे. मुरबाड तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होतो. वय तीस. म्हशाची यात्रा उलगडून महिना झाला होता. भाताची झोडणी केव्हाच आटोपली होती आणि भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेल्या कातकऱ्यांच्या झोपड्यांची दारे काथ्याने बांधलेली दिसत होती. हे दिवस आमच्याकडे तसे निवांत. पावसाळ्यातल्या हगवणी संपलेल्या असतात, उन्हाळ्यातली पाणीटंचाई अजून सुरू व्हायची असते.

रात्री नऊच्या सुमारास एक भाड्याची जीप दाराशी थांबली. जवळच्या आश्रमशाळेचे अधीक्षक आणि तिथला कामाठी एका मुलाला घोंगडीत गुंडाळून घेऊन आले होते. चौथीतला मुलगा, ठाकूरवाडीतला. सकाळपासून ताप, दुपारी दोनदा उलटी, आणि संध्याकाळपासून काहीबाही बरळत होता. आमच्या भागात ताप आणि बरळणे म्हटले की डॉक्टरच्या मनात पहिला शब्द येतो तो मलेरिया. मी रक्ताची काच घेतली, सलाईनमधून क्विनाईन सुरू केले आणि अधीक्षकांना धीर दिला.

वीज गेलेली होती. तास-दीड तासाने कामाठी मुलाची कूस बदलायला गेला आणि म्हणाला, ''साहेब, मान लाकडासारखी झालीय बघा याची.'' मी बॅटरी घेऊन वाकलो. मान खरोखरच वळत नव्हती. मांडीवर जांभळट-काळसर ठिपके उमटले होते, कोणीतरी शाईचा ब्रश झटकावा तसे. बोटाने दाबले तरी ते फिके होईनात. पुस्तकात वाचलेले ते चित्र मी प्रथमच जिवंत पाहत होतो. पेनिसिलीनचे इंजेक्शन कपाटात होते, ते तेव्हा दिले. दीड तास मात्र गेला होता.

मेनिंगोकॉकस नावाच्या जंतूची गोष्टच अशी आहे की त्याच्या हिशेबात दीड तास फार मोठा असतो. तो मेंदूभोवतीच्या आवरणात आणि रक्तात शिरतो. उपचार मिळाले नाहीत तर निम्मे रोगी दगावतात. वेळेवर मिळाले तरी दहातला एक जातो, आणि जगलेल्यांपैकी काहींचे कान जातात, काहींची बोटे किंवा पाय कापावे लागतात. लोक सरसकट 'मेंदूज्वर' म्हणतात. पण मेंदूज्वर पुष्कळ प्रकारचे असतात आणि डासांमुळे होणाऱ्या मेंदूज्वराचा याच्याशी काही संबंध नाही. हा माणसाच्या घशात राहतो आणि माणसाकडूनच माणसाकडे जातो. गंमत अशी की शंभरातल्या पाच-दहा धडधाकट माणसांच्या घशात तो मुक्कामाला असतो आणि त्यांना काहीही होत नाही. खोकल्यातून, शिंकेतून, एकाच पेल्यातून पाणी पिताना तो दुसऱ्याकडे जातो, आणि कुठल्या तरी एका पोरावर उलटतो.

त्या रात्री मुलाला ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथल्या सहकाऱ्याने पाठीच्या मणक्यातून पाणी काढले, मी मुलाला धरून ठेवले होते. ते पाणी निर्मळ असायला हवे. निघाले तांदळाच्या धुवणासारखे. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला झोपेतून उठवले. त्याने काच रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि मला बोलावले. पेशींच्या आत गुलाबी ठिपके, दोन-दोनच्या जोडीने, समोरासमोर ठेवलेल्या चवळीच्या दाण्यांसारखे. निदान झाले. पहाटे मुलगा शहरातल्या मोठ्या रुग्णालयाकडे रवाना झाला.

उरलेले पाणी एका छोट्या बाटलीत होते. त्यात जंतू वाढवून तो कोणत्या गटाचा आहे हे शहरातल्या प्रयोगशाळेने सांगायचे होते. आमची गाडी सकाळी जिल्ह्याला लसी आणायला जाणारच होती. बाटली मी बरोबर घेतली आणि केंद्रावर येऊन ती आयएलआरमध्ये, म्हणजे बर्फाचे अस्तर असलेल्या आमच्या फ्रीजमध्ये, पोलिओ आणि त्रिगुणी लसींच्या शेजारी जपून ठेवली. शीतसाखळीचे प्रशिक्षण नुकतेच झाले होते. जे काही मौल्यवान ते थंड ठेवायचे, हे माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

तीन दिवसांनी प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंचा फोन आला. काहीच वाढले नव्हते. त्यांनी विचारले, ''फ्रीजमध्ये ठेवली होतीत का?'' मी हो म्हणालो. पलीकडे क्षणभर शांतता होती. मग त्या शांतपणे म्हणाल्या, ''हा जंतू थंडीत मरतो हो. खोलीत साधी ठेवायची, उबेत.'' लस थंड ठेवायची आणि नमुना थंड ठेवायचा नाही, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. मुलाला झालेला आजार मेनिंगोकॉकसचा होता हे कळले. पण कोणत्या गटाचा, ते कधीच कळले नाही.

याला एवढे महत्त्व का, असे वाचकांना वाटेल. या जंतूच्या अंगावर साखरेच्या रेणूंचे एक कवच असते. कवचाच्या जातीवरून त्याचे गट पडतात. त्यांतले ए, बी, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स हे सहा गट मुख्यतः साथी आणतात. ए गटाची लस सी गटाला चालत नाही. आश्रमशाळेत एकच कल्लोळ झाला होता. दोन दिवसांत निम्मी मुले पालकांनी घरी नेली. गुरुजी, सरपंच, सगळ्यांचे एकच म्हणणे, ''साहेब, लस मागवा ना.'' बाहेरदेशी बनणारी ए आणि सी गटांवरची लस तेव्हा होती; पण ती महाग होती, टोचल्यावर संरक्षण यायला आठ-दहा दिवस लागत होते, आणि मुळात आमचा शत्रू ए होता की सी की तिसराच, हे सांगणारा एकमेव साक्षीदार मीच गारठवून मारला होता. वरच्या एका कार्यालयाला मी सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर मे महिन्यात आले, शाळेला सुट्टी लागल्यावर.

मग आम्ही केले ते एवढेच की त्या लांबलचक खोलीत सतरंजीला सतरंजी लावून झोपणाऱ्या साऱ्या मुलांना दोन दिवस रिफॅम्पिसिन दिले. क्षयाचे औषध, पण घशातला हा जंतूही मारते. त्याने लघवी नारिंगी होते. पळस फुलायचे दिवस होते. पोरे एकमेकांना शाळेमागच्या झाडाकडे बोट दाखवून खिदळत होती. दुसरा रुग्ण निघाला नाही. औषधामुळे की नशिबाने, ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. मुलगा जगला. दोन महिन्यांनी परत आला तेव्हा त्याच्या मागे उभे राहून हाक मारली तर तो वळत नव्हता.

पुढे वर्षभराने मला कळले की त्याच महिन्यांत आफ्रिकेत या रोगाची आजवरची सर्वांत मोठी नोंदलेली साथ चालू होती. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला एक आडवा पट्टा आहे. दर काही वर्षांनी कोरड्या ऋतूत, धुळीचे वारे सुटले की तिथे मेनिंगोकॉकस पेटतो आणि पाऊस पडला की विझतो. १९९६ आणि ९७ या दोन वर्षांत तिथे अडीच लाखांवर लोक आजारी पडले आणि पंचवीस हजार मेले. बहुतेक सारे ए गटाचे. एका पोराने माझी झोप उडवली होती. तिथल्या डॉक्टरांचे काय झाले असेल, असे मनात येऊन गेले.

लस तर होती. मग ती साथ का थांबली नाही? याचे उत्तर मला त्या लसीच्या घडणीत सापडले. पहिली उपयोगी लस अमेरिकी लष्कराने केली, तीही आमच्यासारख्याच कारणाने. भरतीच्या जवानांच्या बराकीत पोरे दाटीवाटीने झोपत आणि हा रोग पसरे. एमिल गॉट्‌शलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस जंतूच्या साखरेचे कवच वेगळे काढून त्याचीच लस बनवली. जवानांना ती लागू पडली. पण दोन वर्षांखालच्या मुलाचे शरीर निव्वळ साखरेला नीट ओळखतच नाही. मोठ्यांचे ओळखते, पण काही वर्षांत विसरते. आणि मुख्य म्हणजे घशातला जंतू तसाच राहतो. टोचलेला माणूस वाचतो, पण तो शेजाऱ्याला जंतू देत राहू शकतो. म्हणून साथ पेटल्यावर लस घेऊन धावायचे, आणि पोचेपर्यंत निम्मे गाव झोपलेले असायचे, असा आफ्रिकेतला वर्षानुवर्षांचा खेळ होता.

यावर तोड निघाली ती साखरेला एखाद्या प्रथिनाशी जोडून देण्याची. आमच्या पाड्यांवर एखादा परका माणूस एकटा आला तर त्याच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. तोच पोलीस पाटलाबरोबर आला की अख्खा पाडा त्याचा चेहरा लक्षात ठेवतो. जोडलसीचे तत्त्व काहीसे असेच. धनुर्वाताच्या लसीतले प्रथिन हा इथला पोलीस पाटील. त्याच्याबरोबर आलेली साखर तान्ह्या मुलाचे शरीरही ओळखते, बरीच वर्षे लक्षात ठेवते आणि घशात आलेल्या जंतूला तिथेच थारा देत नाही. म्हणजे एकाच्या दंडावर टोचलेली सुई त्याच्या शेजाऱ्यालाही राखते. ब्रिटनने १९९९ साली सी गटाची अशी लस मुलांना द्यायला सुरुवात केली. श्रीमंत देश होता, त्याला ते परवडले.

आफ्रिकेच्या ए गटासाठी अशी लस करायला बड्या कंपन्या उत्सुक नव्हत्या. ज्यांना ती हवी होती त्यांच्या खिशात पैसे नव्हते. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितले होते की एका डोसाला अर्ध्या डॉलरपेक्षा जास्त किंमत आम्हाला झेपणार नाही. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ या संस्थेने मिळून एक प्रकल्प उभारला, गेट्स फाउंडेशनने सात कोटी डॉलर दिले, आणि डॉ. मार्क लाफोर्स त्याचे प्रमुख झाले. अर्ध्या डॉलरमध्ये हे करून देतो असे म्हणणारी कंपनी त्यांना सापडली ती पुण्यात, हडपसरला. घोड्यांच्या पैदाशीतून आलेल्या पूनावाला घराण्यातल्या सायरस पूनावालांनी १९६६ साली काढलेली सीरम इन्स्टिट्यूट. साखर आणि प्रथिन जोडण्याची कृती अमेरिकेच्या सरकारी शास्त्रज्ञांनी दिली, धनुर्वाताचे प्रथिन सीरमचे घरचेच होते.

ती लस माणसाला प्रथम टोचली गेली २००५ साली, आणि तीही आपल्या मुंबईत, केईएम रुग्णालयात, डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या देखरेखीखाली, निरोगी तरुण स्वयंसेवकांना. पुढच्या चाचण्या माली, गांबिया, सेनेगलमध्ये झाल्या आणि पुणे जिल्ह्यातल्या वढू परिसरातल्या दोन ते दहा वर्षांच्या मुलांवरही झाल्या. ज्या रोगाची साथ आपल्या खेड्यांत कधी पेटलेली नाही, त्याच्या लसीसाठी मराठी खेड्यातल्या आयांनी पोरांचे दंड पुढे केले. या गोष्टीचा आपल्याकडे फारसा गाजावाजा झाला नाही, तो व्हायला हवा होता असे मला वाटते.

६ डिसेंबर २०१० रोजी बुर्किना फासो या देशात लसीकरणाला सुरुवात झाली. एक ते एकोणतीस वर्षे वयाच्या प्रत्येकाला एक डोस. दहाएक दिवसांत एक कोटीहून जास्त लोकांना सुई टोचली गेली. चाड देशात ही लस दिलेल्या भागात दुसऱ्या वर्षी मेंदूच्या दाहाचे प्रमाण चौऱ्याण्णव टक्क्यांनी कमी आढळले. लोकांच्या घशातून ए गटाचा जंतू जवळजवळ नाहीसाच झाला होता. २०१७ नंतर त्या साऱ्या पट्ट्यात ए गटाचा रुग्ण सापडलेला नाही. हजारो वर्षांच्या नव्हे, पण शंभर वर्षांच्या रोगाचा एक चेहरा सात वर्षांत पुसला गेला.

माझ्यासारख्या जुन्या खेडूत डॉक्टरला मात्र त्याहून जास्त भावली ती २०१२ सालची एक छोटी बातमी. मुरबाडनंतर माझी बदली शहापूर तालुक्यात झाली होती. डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यांवर जायचे तर नर्सबाई पहाटे निघत. खांद्याला व्हॅक्सिन कॅरियर, त्यात चार आईसपॅक, पायवाट, मध्ये ओढा. दुपारपर्यंत बर्फ वितळायचा, आणि जिथपर्यंत बर्फ पोचेल तिथपर्यंतच लस पोचायची. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तालुक्यात पाड्यावर बर्फ न्यायचा हा आटापिटा मी वीस वर्षे पाहिला. २०१२ साली असे सिद्ध झाले की पुण्याची ही लस चाळीस अंशांपर्यंतच्या उष्णतेत चार दिवस बर्फाशिवाय टिकते. बेनिन देशात शेवटच्या टप्प्यावर ती साध्या पेटीतून नेली गेली. ही बातमी मी आमच्या नर्सबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, ''मग आमच्या लसी अशा का नाही करत हो, सर?'' प्रश्न सोपा होता, उत्तर तेवढे सोपे नाही. प्रत्येक लसीची उष्णता सोसण्याची ताकद वेगळी.

जंतूही स्वस्थ बसला नाही. ए गट हटल्यावर नायजेरिया, नायजरमध्ये सी गटाच्या मोठ्या साथी आल्या. त्यावर सीरमनेच पाच गटांची एकत्र लस केली. २०२३ सालच्या जुलैत तिला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि २०२४ साली नायजेरियाने ती जगात सर्वप्रथम आपल्या लोकांना दिली.

आणि आपण? आपल्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस नाही. दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली ए गटाच्या साथी आल्या, २००८-०९ मध्ये मेघालय आणि त्रिपुरात आली. एरवी आपल्याकडे हा रोग तुरळक येतो आणि जातो. माझ्या शहापूर तालुक्यात ही सुई नेमाने घेणारे लोक म्हणजे हजला जाणारे. १९८७ साली हजच्या गर्दीत मोठी साथ आली, तेव्हापासून सौदी सरकार तिथे पोचण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी ही लस घेतल्याचा दाखला मागते. आमच्या शेजारचे चाचा दोन वर्षांपूर्वी गेले. दंड चोळत मला म्हणाले, ''डॉक्टर, इतकी वर्षं इथं राहिलो, कोणी टोचली नाही. मक्केला जायचं म्हटल्यावर टोचली.'' चाचांचा टोमणा मला लागला.

तरीही सगळ्या मुलांना ही लस द्यावी असे मी म्हणणार नाही. जिथे गोवराचा दुसरा डोस वीटभट्टीवर गेलेल्या पोराला गाठता गाठता आशाताईंची दमछाक होते, तिथे तुरळक रोगासाठी नवी सुई आणणे हा पैशांचा आणि माणसांचा चुकीचा हिशेब होईल. पण साथ आली तर आठवड्याच्या आत गट कळला पाहिजे आणि लस हाताशी पाहिजे. जगाने १९९७ पासून अशा लसींचा राखीव साठा करून ठेवला आहे. साठा कितीही असो, तो उघडायची किल्ली मणक्यातल्या पाण्याच्या त्या बाटलीत असते.

निवृत्त होण्यापूर्वी एका आश्रमशाळेत तपासणी शिबिराला माझ्यासोबत एक तरुण डॉक्टर मुलगी होती. जेवताना मी तिला सहज विचारले, ''मणक्याचं पाणी काढलंस आणि गाडी सकाळी जाणार आहे, तर बाटली कुठं ठेवशील?'' ती म्हणाली, ''खिशात, सर. अंगाच्या उबेला.'' मग तिने विचारले, ''का हो?'' मी तिला ही सारी गोष्ट सांगितली. मी ती कोणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ.

गेल्या दिवाळीनंतर सरळगावच्या बाजारात एका माणसाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. चाळिशीचा, कानात काही नाही, पण डोळे लगेच ओळखू आले. तोच तो, ठाकूरवाडीचा. बरोबर बायको आणि दहा वर्षांची मुलगी. मुलगी त्याच आश्रमशाळेत चौथीत आहे. तो हातवारे करत होता, माझ्या दंडाकडे आणि मुलीकडे बोट दाखवत होता. बायको म्हणाली, ''साहेब, ते विचारतात, पोरीला त्या तापाची सुई मिळंल का? त्यांच्यावानी व्हायला नको म्हणतात.''

सरकारी दवाखान्यात मिळत नाही, खासगीत काही हजार रुपये पडतात, हे मी सांगितले. बाईने ते खुणांनी त्याला सांगितले. त्याने मान हलवली. मी त्याचा हात धरून मांडीवर बोट टेकवले, दाबून दाखवले, मान ताठ करून दाखवली, आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केले. त्याने ते सगळे जसेच्या तसे मुलीला करून दाखवले. मुलगी हसत होती. मग त्यांची जीप भरली आणि ते गेले. दुसऱ्या दिवशी मी आश्रमशाळेत जाऊन नव्या अधीक्षकांना भेटलो. खोली तीच आहे, आता सतरंज्यांऐवजी लोखंडी कॉट आल्या आहेत. दोन कॉटमध्ये हाताचे अंतर ठेवायला आणि रात्री खिडक्या उघड्या ठेवायला मी सांगितले. ते म्हणाले, थंडी आहे हो साहेब. मग त्यांनी एक खिडकी उघडून दिली.